वाड्यातली मंडळी (फॅमिली ग्रुप): स्पेनला मुक्काम कुठे?

ऋता (सकाळी ७:१२)
शिरीषमामा, काल रात्री टाकलेला कार्यक्रम आत्ता वाचला. दक्षिण स्पेनमधल्या सेवियात सात रात्री, कॅथेड्रलला लागून हॉटेल, आणि तिथल्या फ्लेमेंको गाण्या-नाचाच्या नावाने एका संध्याकाळी जेवणासकट दीड तासाचा शो. आजीच्या वर्षश्राद्धाला सगळे जमलो होतो तेव्हा काय ठरलं होतं? या वेळी इमारती कमी बघायच्या, गाणं-नाच जास्त. ते कुठे गेलं?

शिरीष (७:२०)
सुप्रभात. हॉटेल उत्तम आहे. लिफ्ट आहे, नाश्ता धरून आहे. पैसे न कापता रद्द करायची मुदत रविवार रात्री १२ पर्यंत. ज्यांना बोलायचंय त्यांनी त्याआधी बोलावं. नंतर कुरकुर नको.

ऋता
बोलतेच आहे मामा. मुदतीच्या आत.

नंदू (७:३१)
दादा, नाश्ता धरून म्हणजे पोहे का?

कुंदा
नंदू, सकाळी सकाळी सुरू होऊ नकोस. ऋता, मामाशी जरा नीट बोल. त्याने एकट्याने सगळं केलंय. व्हिसाचे कागदसुद्धा.

ऋता (७:४८)
आई, त्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे. म्हणणं एवढंच की राहण्याची जागा चुकली तर बाकी सगळं चुकेल. त्या शोमध्ये, म्हणजे ताब्लाओत, नाचणारे कलाकार कसलेले असतात. त्यांचं घर त्यावर चालतं, त्याला नाक मुरडायचं कारण नाही. एक संध्याकाळ मीही आनंदाने बसेन. पण तिथे समोर बसलेले सगळे आपल्यासारखेच बाहेरून आलेले. गाणाऱ्याला दाद कुठे द्यायची हे कुणाला माहीत नसतं. गाणारा ते ओळखतो आणि त्या दिवशीचं ठरलेलं गाऊन मोकळा होतो. मला तो माणूस त्याच्या गल्लीत, त्याच्या लोकांसमोर गाताना ऐकायचाय. आणि ते रात्री अकरानंतर. कॅथेड्रलशेजारी झोपून ते मिळणार नाही.

माधुरी (८:०५)
रात्री अकरानंतर?? रियाला घेऊन?

शिरीष (८:०९)
पुन्हा सांगतो, मुदत रविवार रात्री १२ पर्यंत.

सुधा (८:४०)
मला चढ-उतार जमणार नाही एवढंच. गुडघ्याचं सगळ्यांना माहीत आहे. बाकी तुम्ही न्याल तिथे येईन.

केदार (९:१५)
काका, तो त्रियाना भाग बघितला का? नदीपलीकडचा. सगळे म्हणतात फ्लेमेंको तिथलाच. पूल ओलांडला की कॅथेड्रल, म्हणजे दोन्ही साधेल.

शिरीष (९:३३)
बघितला. तिथे लिफ्टवाली जागा मिळेना. बरं, खाली एक लेख टाकतोय, सर्वांनी वाचावा. "फ्लेमेंको हे मूळचे आपले कथ्थकच! भारतीय नृत्याची युरोपला देणगी." अभिमान वाटला.

ऋता (१०:०२)
मामा, हा लेख दरवर्षी फिरतो. हितानो लोकांचे, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सींचे, पूर्वज वायव्य भारतातून निघाले हे खरं. रोमानी या त्यांच्या मूळ भाषेवरून ते पक्कं कळतं, तिचं नातं आपल्या भाषांशी आहे. पण ते स्पेनमध्ये पोचले पंधराव्या शतकात, आणि आज आपण ज्याला फ्लेमेंको म्हणतो तो आंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनमध्ये, घडला अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, हितानो आणि तिथले इतर गरीब लोक यांच्यात मिळून. कथ्थक त्याची आई नाही. पायांची कामं बघून मलाही भरून येतं, पण त्यांचं श्रेय आपण घेऊ नये. ज्यांनी इतकं सोसलं त्यांचं तर नाहीच. १७४९ मध्ये राजाच्या हुकुमाने तिथल्या हितानोंना बायका-मुलांसकट पकडून डांबलं होतं. हे गाणं पिढ्यान् पिढ्या घराच्या आत राहिलं ते काही उगाच नाही.

शिरीष (१०:१०)
मी फक्त फॉरवर्ड केलंय.

नंदू
दादाने फक्त फॉरवर्ड केलंय, सगळ्यांनी शांत व्हा 🙏

सलील (दुपारी १:५५)
आत्ता उठलो, इथे सकाळ आहे. सगळं वाचलं. बाबा, ऋता बरोबर सांगतेय. बार्सिलोनात राहून मला फ्लेमेंको फार कळतो असं नाही, पण दक्षिणेत जाऊन आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

केदार, त्रियाना सुंदर आहे आणि तिथून मोठमोठे गाणारे आले हेही खरं. पण तिथल्या हितानो कुटुंबांना विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शहराच्या कडेच्या वसाहतींत हलवलं गेलं. ज्या चाळींच्या अंगणात गाणं व्हायचं त्या चाळीच बहुतेक गेल्या. आता नदीकाठी रेस्टॉरंटं आहेत. गाणं अजून ऐकू येतं, पण नवख्याला तिथे राहून ते आपोआप भेटेल असं समजू नका.

ग्रानादा शहरात साक्रोमोन्तेच्या टेकडीवर गुहांमधली घरं आहेत, तिथे राहताही येतं. पण त्या गुहांमधले नाचाचे कार्यक्रम कित्येक पिढ्या प्रवाशांसाठीच चालत आलेत, आणि १९६३ च्या पावसात गुहा खचल्यावर बरीच कुटुंबं खाली शहरात गेली ती गेलीच. खालच्या आल्बाइसिन भागात 'ला प्लातेरिया' नावाची पेन्या आहे, १९४९ ची, स्पेनमधली सगळ्यात जुनी म्हणतात. तिच्यासाठी ग्रानादा जरूर करावं. मात्र सगळे रस्ते चढाचे आणि गोट्यांचे. आईला तिथे ठेवणं म्हणजे छळ.

डिसेंबर असेल तर माझ्या मते एकच गाव. हेरेस.

कुंदा (२:०४)
पेन्या म्हणजे काय रे सलील?

सलील (२:१६)
आत्या, रसिकांचं मंडळ. सभासदांनी वर्गणी काढून चालवलेलं, एखाद्या गल्लीत, आत छोटा बार, पंचवीस-तीस खुर्च्या, भिंतीवर जुन्या गाणाऱ्यांचे फोटो. कार्यक्रम असतो त्या रात्री बहुतेक ठिकाणी बाहेरच्यांनाही येऊ देतात. वेळ रात्री दहाची सांगतात, म्हणजे साडेदहा. गाणं चालू असताना कुजबुजसुद्धा चालत नाही. ठरलेला कार्यक्रम संपला की कधी कधी समोर बसलेल्यांतून कुणी आजी उठते, दोन ओळी गाते, चार पावलं टाकते आणि बसते. मला स्टेजवरचं विसरायला झालंय, ती आजी नाही.

सुधा (२:२०)
सलील, घशाचं कसं आहे आता? फोन केला नाहीस.

सलील
बरंय आई. रात्री करतो.

शिरीष (२:४१)
हेरेसला विमानतळ आहे का? लिफ्ट? आणि सेवियाहून एक दिवस जाऊन येता येईल की. तास-सव्वा तासाची रेल्वे आहे असं दिसतंय. मुदत रविवार रात्री १२ पर्यंत.

ऋता (२:५०)
मामा, नेमकं तेच करू नये. जे ऐकायचं ते सुरू व्हायच्या वेळेला परतीची शेवटची गाडी निघून गेलेली असते. तिथे झोपायला खोली हवी, म्हणजे घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही.

नंदू (३:०२)
हेरेस म्हणजे शेरीवालं हेरेस ना? मी ऋताच्या बाजूने. कलेसाठी.

कुंदा
नंदू, डॉक्टरांनी काय सांगितलंय?

नंदू
डॉक्टरांनी आनंदी राहा म्हणून सांगितलंय.

केदार
बाबा, ग्रुपवर नको.

सलील (३:३०)
नंदूकाकांची चेष्टा सोडा, मुद्दा बरोबर आहे. तिथे ताबांको नावाची जुनी दारूची दुकानं आहेत, पिंपातून थेट शेरी ओतून देतात, हिशोब खडूने फळीवर लिहितात. काहींत रोज गाणं होतं, बऱ्याचदा दुपारीही. 'एल पासाहे' तर १९२५ पासून आहे. एक ग्लास आणि थोडं चीज घेतलं की झालं. माधुरीवहिनी, दुपारच्या वेळी रियाला नेता येईल, मुलं असतात तिथे. शेरी न पिणाऱ्यांना कुणी आग्रह करत नाही.

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबर संपताना हेरेसमध्ये सांबोम्बा सुरू होतात आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत चालतात. सांबोम्बा हे एक वाद्य. मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं, मधे काठी, ती ओल्या हाताने घासली की घुमतं. त्याच्याभोवती गोल करून अंगणात, चौकात, मंडळाच्या आवारात नाताळची गाणी बुलेरिया या फ्लेमेंकोतल्या ठेक्यावर म्हणतात. प्रेक्षक असा कुणी नसतोच. आपल्याकडे गणपतीच्या आरतीला शेजारीपाजारी जमतात आणि ज्याला जे कडवं येतं ते तो मोठ्याने म्हणतो, तसं. २०१५ मध्ये आंदालुसिया सरकारने या परंपरेला वारशाचा दर्जा दिला. अलीकडे मध्यभागातले बार मोठ्या स्पीकरवर सांबोम्बा लावतात आणि शनिवारी बसा भरून लोक येतात, ते टाळायचं. सान्तियागो आणि सान मिगेल या दोन जुन्या वस्त्यांतल्या पेन्या आणि चर्चची मंडळं यांच्या सांबोम्बा शोधायच्या. तिथे तिकीटही नसतं.

कुंदा (३:४४)
हे वाचून अंगावर काटा आला. दादा, हेरेस बघच.

माधुरी (४:१०)
नाताळच्या आदल्या दिवशी संपतं म्हणजे आम्हाला काय उपयोग? रियाची शाळा २३ पर्यंत आहे. हे आधी कुणी विचारलं का?

केदार
मधू, बोलू घरी.

माधुरी (४:१३)
नाही, इथेच बोलते. केरळलाही हेच झालं. तारखा ठरल्यावर आम्हाला कळलं, आणि हाउसबोटचे पैसे आम्ही राहिलो नाही त्या रात्रीचेही दिले. शाळा बुडवायची पद्धत आमच्याकडे नाही.

सुधा (४:२०)
शाळा बुडवा असं कुणीच म्हटलेलं नाही. हाउसबोटचा हिशोब मी तेव्हाच वहीत लिहून दाखवला होता.

माधुरी
_हा मेसेज डिलीट केला आहे_

नंदू (४:२६)
हाउसबोटवर उत्तम झोप लागली होती एवढं मला आठवतंय.

शिरीष (४:३१)
केरळचा विषय बंद. रविवार रात्री १२.

ऋता (५:१५)
माधुरी, चूक आमची. तारखा तुला आधी विचारायला हव्या होत्या. पण एक कर, रागावली असलीस तरी वाच. तुम्ही तिघं २४ ला थेट सेवियाला या, आम्ही १८ ला हेरेसला जातो आणि २२ ला सेवियात येतो. मामांचं हॉटेल तसंच राहील, फक्त रात्री कमी. रियासाठी ताबांको मी तुमच्याबरोबर पुन्हा करेन. सेवियाहून आपण दोघी तिला घेऊन दिवसाचं जाऊ. दुपारच्या गाण्याला परतीची गाडी मिळते.

माधुरी (५:४०)
बघते. केदारशी बोलून सांगते.

सुधा (५:४४)
रियासाठी मी लाडू घेणार आहे, तिला रव्याचे चालतात ना?

माधुरी
हो काकू, बेसनाचे जास्त आवडतात.

शिरीष (संध्याकाळी ६:२०)
माद्रिदहून हेरेसला थेट रेल्वे आहे, पुढे कादिसला जाते. चार तासांच्या आत. सलील, गाव सपाट आहे का ते सांग. आणि नेमकं कुठल्या भागात बघू? नकाशावर सगळं सारखंच दिसतंय.

सलील (६:५८)
बऱ्यापैकी सपाट आहे बाबा. आईला चालेल. प्लाझा देल आरेनाल आणि सान मिगेल चर्च यांच्या मधल्या गल्ल्यांत बघा. सान्तियागो तिथून सावकाश चाललं तरी वीसेक मिनिटं. अगदी सान्तियागोच्या पोटात घर घेऊ नका. तिथली बरीच घरं पडीक आहेत, जुन्या रहिवाशांतले खूपजण बाहेर गेलेत, आणि जे उरलेत त्यांच्या दारात बॅगा ओढत रात्री बारा वाजता यायचं मला बरोबर वाटत नाही. ताबांकोच्या डोक्यावरची खोली घेऊ नका, नाहीतर आईला झोप नाही. आतल्या अंगणाकडे खिडकी असलेली मागा. सान मिगेलच्या काये सोल या गल्लीत गायिका-नर्तिका लोला फ्लोरेस जन्मली, १९२३ मध्ये. कुंदाआत्या, तिचे जुने व्हिडिओ बघून ये, तुला आवडेल.

कुंदा
आणि जेवायला? मी अंडंही खात नाही.

सलील (७:१०)
पालक-चण्यांची भाजी मिळते, तळलेली वांगी मिळतात, चीज आणि ऑलिव्ह सगळीकडे. साल्मोरेखो म्हणून टोमॅटोचं थंडगार दाट सार असतं, पण त्यावर अंडं आणि हॅम भुरभुरतात, ते आधी सांगून काढायला लावायचं. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, उत्तम. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, हे लक्षात ठेवा.

ऋता (७:३५)
सगळ्यांना एक विनंती, मनापासून. तिथे टाळ्या वाजतील, पण आपण ठेका धरायचा नाही. बुलेरिया १२ मात्रांची आहे, पण आपल्या एकतालासारखी पहिल्या मात्रेवर येत नाही. मोजणी बारापासून धरतात, आणि जोर १२, ३, ६, ८, १० वर. चुकीची एक टाळी गाणाऱ्याला अडखळवते. माझ्या विद्यार्थिनींना नुसतं हे धरायला आठवडे लागतात. सांबोम्बात म्हणायला बोलावलं तर जरूर म्हणा, तिथे चालतं. पेन्यात हात मांडीवर. आणि गाणं चालू असताना मोबाइल वर धरायचा नाही. नंदूमामा, तुम्हाला खास.

नंदू (७:४१)
मोबाइल घरी ठेवतो. हात ग्लासवर.

शिरीष (रात्री ९:०५)
ठरलं ते लिहितो. १८ ते २२ हेरेस, दोन घरं, एक तळमजल्याचं. २२ पासून सेविया, कॅथेड्रलचं हॉटेल, खोल्या तीन. शो रद्द केला, पैसे परत आले. ऋता, पेन्यांचे कार्यक्रम डिसेंबरच्या सुरुवातीला कळतात असं सलील म्हणतो. ते बघायचं काम तुझं.

ऋता (९:०८)
हो मामा. थँक यू. खरंच.

माधुरी (९:३०)
आमची तिकिटं २४ ची काढतोय. दुपारी पोचू. त्या रात्री सगळे बाहेर जेवूया का?

सलील (९:५२)
वहिनी, २४ ला रात्री तिथे सगळे आपापल्या घरी जेवतात, रेस्टॉरंटं संध्याकाळीच बंद होतात. दुपारीच काहीतरी विकत घेऊन ठेवा.

सुधा (९:५५)
मग मी हेरेसच्या घरात आधीच थालीपिठं करून आणते. दोन दिवस टिकतात. केदार, येताना लोणचं तू आण, आमच्या बॅगेत जागा नाही.