२१ सप्टेंबरचा शांतता दिन सोलापुरात लोकांपर्यंत कसा न्यावा?

प्रश्न (शिक्षक, पूर्व भाग):
नमस्कार. आमच्या शाळेत गेली तीन वर्षे २१ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय शांतता दिन साजरा होतो, म्हणजे फलक लागतो, पाहुणे बोलतात, मुले चित्रे काढतात आणि दुपारपर्यंत सारे विसरले जाते. योग दिनाचा ठराव संयुक्त राष्ट्रांत २०१४ च्या डिसेंबरात झाला आणि पुढच्याच जूनमध्ये तो गल्लीबोळांत पोहोचला. मात्र शांतता दिन १९८१ साली ठरूनही आमच्या पालकांपैकी बहुतेकांनी त्याचे नाव ऐकलेले नाही. असे का व्हावे, आणि शाळेच्या भिंतीबाहेर तो नेण्यासाठी काय करता येईल?

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल):
योग दिनामागे सरकारी यंत्रणा होती हे खरे, पण त्या दिवशी नेमके काय करायचे हेही सर्वांना ठाऊक होते. शांतता दिनाला आपण ‘संदेश’ देतो आणि तिथेच थांबतो. मुळात हा दिवस सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी, आमसभेच्या अधिवेशनाच्या प्रारंभी पाळला जात असे. ७ सप्टेंबर २००१ च्या ठरावाने २१ सप्टेंबर ही तारीख कायम केली आणि हा दिवस शस्त्रसंधीचा व अहिंसेचा असावा, असे सर्व राष्ट्रांना आवाहन केले. त्यानंतर चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये जे घडले ते आपण जाणताच. सांगायचे इतकेच, की हा दिवस काहीतरी थांबवण्याचा आहे, आणि भाषणाने काहीच थांबत नाही. दुपारी बारा वाजता एक मिनिट स्तब्ध राहण्याची प्रथा जगभर आहे. प्रचार करायचाच तर त्या एका मिनिटाचा करावा. पत्रक काढताना मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत ‘शांती’ हा शब्द जवळपास तसाच चालतो, आणि उर्दूत ‘अमन’ कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

उत्तर २ (अक्कलकोट रोड):
बारा वाजता यंत्रमाग थांबवा असे कोणी सुचवण्याआधीच सांगतो, की आमच्याकडे कामगाराची मजुरी विणलेल्या मालावर ठरते आणि चालू माग मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला की कापडावर रेघ उमटण्याची भीती असते. त्या मिनिटाची किंमत गरिबानेच का मोजावी? जेवणाच्या सुट्टीत माग तसेही बंद असतात. घड्याळाचा हट्ट सोडून ते मिनिट तेव्हा पाळले, तर मी माझ्या कारखान्यात उद्यापासून तयार आहे. ज्या खोलीत एरवी शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथली शांतता मुलांना एकदा दाखवाच.

उत्तर ३ (भैय्या चौक परिसर):
वरील सूचना उत्तम आहे. तिला स्थानिक जोड द्यायची असेल तर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची द्यावी. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला, जपानशी चाललेल्या युद्धातील जखमींवर उपचार करीत राहिला आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारला. कोणी म्हणेल की तो युद्धातील एका बाजूचा होता. होता, आणि मुलांपासून ते लपवू नये. पण संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या दिनानिमित्त वाजवली जाणारी घंटा १९५४ साली जपानी संघटनेनेच भेट दिली, आणि ती साठ देशांतून गोळा केलेल्या नाण्यांपासून ओतली होती. कोटणीसांचे स्मारक पाहून आलेल्या मुलांना ही घंटेची हकीकत सांगितली, तर वेगळ्या भाषणाची गरज उरणार नाही.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचे आभार. पाहुण्यांना यंदा बोलावणार नाही. अक्कलकोट रोडच्या सदस्यांना विनंती, की सातवीची चाळीस मुले सुट्टीच्या वेळेत आली तर चालतील का, आणि सुट्टी नेमकी किती वाजता होते, ते कृपया कळवावे.