मदत हवी आहे: केदारकंठाला बर्फात गॅस स्टोव्ह चालेल का?

जानेवारीत उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करतोय, आम्ही चौघं, पायथ्याच्या सांक्री गावचा लोकल गाईड ठरलाय आणि परमिटचं तोच बघतोय, पण तंबू आणि स्वयंपाक आमचा आम्ही करणार. मुक्काम वाटेतल्या 'जुडा का तालाब' या तळ्यापाशी आणि मग वर बेसकॅम्पला, शिखर साधारण 12,500 फूट, रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो म्हणे.

अडलंय ते स्टोव्हपाशी. आमच्याकडे ते लांबट ब्युटेनच्या कॅनवर चालणारं बर्नर आहे. हरिश्चंद्रगडावर थंडीत वापरलं तर चहाला उकळी येईपर्यंत कॅन बाहेरून ओला गार झाला आणि ज्योत बारीक होत पिवळी पडली, आणि तिथे काय थंडी असणार त्या मानाने! ब्युटेन शून्याच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतं हे वाचलंय. कॅन झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घेणं, खाली फोमचा तुकडा ठेवणं हे घरी करून पाहिलं, पण फ्रीजरमधून काढलेला कॅन काही पेटला नाही. तंबूच्या आत पेटवणार नाही, त्यामुळे तो सल्ला नको. शेकोटीचंही नको, गोविंद अभयारण्याचा भाग आहे.

बर्फ वितळवून प्यायचं पाणी करायचंय म्हणजे गॅस भरपूर लागणार. विमानात आणि ट्रेनमध्ये कॅन नेता येत नाही, म्हणजे जे काय ते डेहराडूनलाच घ्यावं लागेल. तर हिवाळ्यात तिकडे गेलेल्यांनी सांगा, आयसोब्युटेन-प्रोपेन मिक्सचे (जास्त थंडीतही वाफ होणाऱ्या गॅसचे) स्क्रूवाले कॅन डेहराडूनला नक्की मिळतात का, आणि चौघांना दोन रात्रींना किती ग्रॅम पुरतील?