स्लिम शेडीची शोकसभा : एमिनेमचा नवा अल्बम ऐकताना तुम्हाला काय आठवले?

पानगळ :
अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावाची दक्षिणेकडची हद्द म्हणजे एट माईल रोड. इथे तो दुतर्फा झाडी असलेला साधा, शांत रस्ता आहे. पूर्वेला डेट्रॉईट लागले की तोच रस्ता बहुसंख्य कृष्णवर्णीय शहर आणि गोऱ्यांची उपनगरे यांच्यातली सीमारेषा होतो. गेल्या शनिवारी माझा पंधरा वर्षांचा मुलगा याच रस्त्यावर गाडी शिकत होता, मी शेजारी जीव मुठीत धरून बसले होते, आणि त्याने एमिनेम या अमेरिकी रॅपरचा १२ जुलै २०२४ ला आलेला ‘द डेथ ऑफ स्लिम शेडी’ हा अल्बम लावला. ‘गिल्टी कॉन्शन्स २’ या गाण्यात एमिनेम आणि त्यानेच जन्माला घातलेला वाह्यात काल्पनिक अवतार, स्लिम शेडी, एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढतात आणि अखेर एमिनेम त्याला गोळी घालतो. ‘याचा पहिला भाग कुठला?’ असे मुलाने विचारताच १९९९ च्या मूळ गाण्याच्या चार ओळी माझ्या तोंडून शिव्यांसकट सलग बाहेर पडल्या. सिग्नल हिरवा झाला होता, मागचा माणूस भोंगा वाजवत होता आणि चिरंजीव माझ्याकडे बघत म्हणत होते, ‘आई, तुला हे पाठ आहे?’

पाठ होतेच. सांगलीच्या वसतिगृहात रात्री पांघरुणाखाली वॉकमन लावून मी तो सगळा संताप पाठ केला होता, आणि रेक्टरबाईंनी विचारले तेव्हा मनाचे श्लोक ऐकते आहे असे सांगितले होते. आता त्याच संतापाच्या धन्याने पन्नाशी ओलांडली आहे आणि तो आपल्या तरुण रूपाला स्वतःच्या हाताने मूठमाती देतो आहे. हे ऐकताना तुम्हाला काय वाटले, ते जरूर लिहा. अल्बम आवडला नसेल तरीही लिहा.

शाईची बाटली :
पानगळताई, मनाचे श्लोक वाचून फार हसलो. मी मराठी माध्यमाचा मुलगा. २००२ मध्ये कॅसेट मिळाली, पण एक शब्द कळेना, म्हणून सायबर कॅफेत जाऊन गाण्यांचे शब्द छापून आणले. एका पानाचे पाच रुपये पडत आणि त्याची गाणी तीन-तीन पाने चालत, त्यामुळे महिन्याला एकच गाणे परवडत असे. कागद मांडीवर घ्यायचा, एक ओळ ऐकायची, कॅसेट थांबवायची आणि न अडखळता तीच ओळ म्हणून पाहायची, असा माझा इंग्रजीचा वर्ग भरायचा. पहिल्या मुलाखतीत साहेबांनी माझ्या उच्चारांचे कौतुक केले, तेव्हा गुरूचे नाव मात्र सांगता आले नाही.

नव्या अल्बमविषयी एवढेच सांगतो, की तो क्रमानेच ऐकावा. खुद्द एमिनेमने तशी सूचना केली होती. एकोणीसपैकी मधलेच एखादे गाणे उचलले, तर पन्नाशीचा गृहस्थ वाह्यात बोलतो आहे एवढेच ऐकू येते.

कडुलिंब :
मी क्रमाने ऐकला, तरीही तेच ऐकू आले. मी विशेष मुलांच्या शाळेत अठरा वर्षे शिकवते आहे. ख्रिस्तोफर रीव्ह हा अभिनेता घोड्यावरून पडून मानेखाली पूर्ण लुळा झाला आणि २००४ मध्ये वारला. त्याच्या अपंगत्वावरचे विनोद या अल्बममध्ये वीस वर्षांनंतर पुन्हा पुन्हा ऐकवण्यात कसले आले आहे धाडस? हे सारे एमिनेम नव्हे तर शेडी बोलतो, अशी पळवाट त्याने ठेवली आहे, हे मला कळते. शेजाऱ्याच्या दारात कचरा टाकायचा आणि वर ‘हे माझ्या धाकट्या भावाने केले’ म्हणायचे, असा हा प्रकार आहे. विशीत मीही यावर हसत होते, याची मला आता लाज वाटते. ती लाजच माझा या धाग्यावरचा अनुभव समजा.

चहाटळ :
मी अल्बम अद्याप ऐकलेला नाही, कारण घरातला एकमेव स्पीकर सासूबाईंच्या कीर्तनासाठी राखीव आहे. कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्ये एक गाणे बसते का, एवढे कोणी सांगितल्यास उपकार होतील.

यमकवेडा :
चहाटळ, एक गाणे बसते, पण भात करपण्याची शक्यता आहे.

कडुलिंबताईंचा आक्षेप मान्य करूनही मला कारागिरीविषयी बोलायचे आहे. इंग्रजीत ‘ऑरेंज’ला यमक नाही असे म्हणतात. २०१० मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत या गृहस्थाने ‘फोर-इंच’, ‘डोअर हिंज’, ‘स्टोरेज’, ‘पॉरिज’ अशी माळच लावून दाखवली, कारण तो अख्खा शब्द जुळवत नाही. शब्द फोडून त्यातले स्वर जुळवतो. आपल्याकडे ‘आर्या मयूरपंतांची’ असे म्हणतात ना, त्या मोरोपंतांना हा माणूस नक्की कळला असता. शब्दाचा सांधा कुठे मोडतो हे पंतांना जसे ठाऊक होते, तसेच यालाही आहे. या अल्बममधल्या ‘फ्युएल’ या गाण्यात जेआयडी हा त्याच्याहून अठरा वर्षांनी लहान रॅपर आधी येऊन मैदान मारतो आणि मग हा येतो. ते ऐकताना मला तालमीतला वस्ताद आठवला : गुडघे दुखत असतात, पण पोराने शड्डू ठोकला की लंगोट कसायचाच.

कडुलिंब :
मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली, पण त्यांपैकी एकातही पांगळ्याची टिंगल केल्याचे माझ्या वाचनात नाही.

यमकवेडा :
हा डाव तुमचा, ताई.

फलाट क्रमांक दोन :
माझी तक्रार निराळी आहे. रॅपर जे-झीने २०१७ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ‘४:४४’ हा अल्बम काढला. त्यात दहाच गाणी, एकच निर्माता, आणि बायकोशी केलेल्या प्रतारणेची जाहीर कबुली. रॅपर नॅसने पंचेचाळिशी उलटल्यावर ‘किंग्ज डिसीज’ केला आणि त्याला कारकिर्दीतले पहिले ग्रॅमी मिळाले. दोघेही आपल्या वयात बसून बोलले. एमिनेम मात्र आपले जुने भूत उकरून काढतो, त्याला नाचवतो आणि मग पुरतो. नाचवण्यात त्याला पुरण्यापेक्षा अधिक मजा येते, ही खरी मेख आहे. तो संपला असे मात्र मी म्हणणार नाही. टेलर स्विफ्टचा सलग बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर असलेला अल्बम याच्यामुळे खाली उतरला.

उंबरठा :
सगळ्यांचे वाचत होते. लिहावे की नाही हे ठरत नव्हते. माझा धाकटा भाऊ दोन वेळा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आहे. तिथे त्याला आठवड्यातून एकदाच फोन करता येत असे आणि तो फोनवर गाण्यांविषयीच बोलायचा, कारण बाकी कशाविषयी बोलले की आई रडायची. डिसेंबर २००७ मध्ये एमिनेम गोळ्यांच्या अतिसेवनाने मरता मरता वाचला आणि २००८ पासून तो नशेपासून दूर आहे, हे भावानेच मला सांगितले होते. या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात तो त्या रात्री आपण वाचलोच नाही असे मानून मुलांची क्षमा मागतो, आणि जे सोहळे पाहायचे राहून गेले असते ते एकेक करून मोजतो. भावाने मला ते पाठवले. सोबत एक अक्षरही लिहिले नव्हते. मी भाजी चिरत होते. विळी बाजूला ठेवली आणि गाणे संपेपर्यंत तशीच पाटावर बसून राहिले. तुमचे वाद योग्यच आहेत, पण मला हा अल्बम त्या एका गाण्यापलीकडे ऐकता आलेला नाही.

पानगळ :
उंबरठा, लिहिलेत हे फार चांगले केलेत. भाऊ आता कसे आहेत?

उंबरठा :
चौदा महिने झाले, बरा आहे. तो दिवस मोजतो, म्हणून मीही मोजते.

कडुलिंब :
ते शेवटचे गाणे मी पुन्हा ऐकले. त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. बाकीच्या अठरांविषयी आहे.

चहाटळ :
शेवटी मी गच्चीवर कपडे वाळत घालताना, कानात यंत्र खुपसून पूर्ण अल्बम ऐकला. ‘हुडीनी’तली ती १९८२ च्या ‘अब्राकाडाब्रा’ची चाल डोक्यात इतकी घट्ट बसली, की संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी तीच गुणगुणत होते. सासूबाईंनी कुठले भजन म्हणून विचारले. पानगळताई, मी तुमचे उत्तर वापरले.

शाईची बाटली :
धागा वर काढतो आहे. अल्बममधल्या ‘टेम्पररी’ या गाण्याची ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली चित्रफीत कोणी पाहिली का? वीस-बावीस वर्षांपूर्वी त्याच्या ज्या लहानग्या मुलीचे, हेलीचे नाव आपण गाण्यांतून ऐकत होतो, तिच्या लग्नातली दृश्ये त्यात आहेत. शेवटी ती बापाच्या हातात एक जर्सी ठेवते. तो ती उलटून पाहतो, तर पाठीवर ‘ग्रँडपा’ असे लिहिलेले असते.

पानगळ :
पाहिली. मुलानेच दाखवली. गाडी चालवण्याची परीक्षा तो उत्तीर्ण झाला आहे, आणि गाडीत काय लागेल हे आता चालवणारा ठरवतो, असे त्याने मला नम्रपणे कळवले आहे.