रोज एक पान? सुरुवातीला नकोच
डायरी लिहायला सुरुवात कशी करावी असं विचारलं की बरेच जण रोज एक पान भरायचा नेम सुचवतात, मला तो नवशिक्यासाठी जड वाटतो. तारखा छापलेली डायरी तर घेऊच नका. चार पानं कोरी राहिली की तीच डोळे वटारते. साधी शंभर पानी वही बरी. दोन ओळी पुरेत, पण 'आज छान वाटलं' छापाच्या नकोत. कोथिंबिरीची जुडी कितीला मिळाली, आईशी फोनवर कशावरून वाजलं, असलं लिहा. वर्षाने वाचायला हेच मजेशीर असतं.

मन मोकळं करायचं असेल तर गोष्ट वेगळी. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगांबद्दल लिहिलं. लिहून झाल्या झाल्या उलट उदासच वाटलं त्यांना! पण ज्यांनी घटनेसोबत भावनाही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या तुलनेने कमी भरल्या. म्हणजे यात रोजचं व्रत नव्हतंच. घाव अगदी ताजा असेल तर मात्र थोडं थांबा.

घरात कुणी वाचेल अशी धास्ती असल्यास मोबाइलवर पासवर्ड लावून लिहा. टंकायचा कंटाळा येत असेल तर बोलूनही लिहिता येतं, गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्ड अ‍ॅपला मराठी बऱ्यापैकी कळतं.