घराची नोटीस आली, मदत हवी आहे

राजेहो, दारव्ह्याजवळ गाव आहे आमचं. बाबांनी घर बांधाले बँकेचं लोन घेतलं, यंदा कापसानं दगा देल्ला अन् हप्ते थकले. आता सरफेसी कायद्याच्या (कर्ज थकलं की बँकेले तारण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस आली, ६० दिवसांत पैसे भरा म्हणे. लेखी हरकत देल्ली की १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागते बँकेले, पण उत्तर नाही, वसुलीचे फोन मात्र रोज. चुलतभाऊ म्हणते आमदाराले सांग, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात प्रश्न लावते, नाहीतर विधानसभेच्या विनंती अर्ज समितीकडं अर्ज टाक (तो चहाटपरीवर बसून सगळंच सांगते म्हणा). कोणी असा अर्ज केला काय? आमदाराची सही लागते का? का सरळ नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ? आई रात्रभर झोपत नाही.