सलग सहा नाइट: 11 सिस्टरमध्ये ड्युटी लिस्ट कशी बसवावी?

मेडिसिन_इन्चार्ज
24 खाटांचा वॉर्ड, सिस्टर 11. सकाळी (8 ते 2) तिघी, दुपारी (2 ते 8) दोघी, रात्री (8 ते 8) दोघी. सध्या सलग सहा नाइट, मग एक ऑफ. चौथ्या रात्रीपासून पहाटे औषधांत चुका होतात, आजारपणाच्या रजाही वाढल्यात. नवी भरती इतक्यात नाही. काय बदलावं?

ड्युटीलिस्ट
ताई, आधी तास मोजा. रोजचे 54, आठवड्याचे 378; अकराजणींत वाटले तर प्रत्येकी 34 च्या आसपास. सहा नाइट लावल्या की मात्र एकीवर 72! सलग तीनपेक्षा जास्त नाइट नकोत. मग एकीची नाइटची पाळी साधारण 16-17 दिवसांनी येते. नाइट उतरली तो दिवस ऑफ धरू नका, तो झोपेतच जातो. त्यानंतर पूर्ण दोन ऑफ द्या. क्रम सकाळ, दुपार, नाइट असाच. दुपारनंतर लगेच सकाळ लावली तर कागदावर 12 तास दिसतात, पण ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती देणं), प्रवास आणि घरचं काम वजा जाता झोप जेमतेम सहा तास.

मेडिसिन_इन्चार्ज
एक जरी रजा आली तरी यादी कोसळते.

ड्युटीलिस्ट
कारण दुसरीचा ऑफ मोडला जातो. एकीचे आठवड्याला 42 तास धरले तर अकराजणींचे मिळून 84 तास हाताशी राहतात, म्हणजे सहा तासांच्या 14 ड्युट्या. त्यातून रोज सकाळी चौथी सिस्टर राखीव लावा. रजेची जागा तिने भरायची, ऑफला हात लावायचा नाही.

रात्रपाळी
पहाटे 3 ते 5 शरीर सर्वांत मंद असतं. इन्शुलिन, हेपरिन (रक्त पातळ करणारं), पोटॅशियम अशी जोखमीची औषधं दोघींनी मोठ्याने वाचूनच द्या. आळीपाळीने 20 मिनिटांची डुलकी चालते, पण मावशी वॉर्डात हव्यात आणि ऑन-कॉल डॉक्टरांना कल्पना हवी. तासभर झोपलं तर उठल्यावर डोकं जड राहतं. उठल्यावर पहिली 15 मिनिटं इंजेक्शन भरू नये.

वॉर्ड_हिशेब
इंडेंट (स्टोअरकडे सामानाची मागणी), चादरी मोजणं, सॅम्पल पोचवणं यांत सिस्टरचा किती वेळ जातो ते सात दिवस वहीत लिहा. ती वही घेऊनच मेट्रनकडे (मुख्य परिचारिकेकडे) मदतनीस मागा. आणि यादी सुधारली म्हणून पदांची मागणी सोडू नका. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक सिस्टर असा आहे, वर रजा भरून काढायला 30 टक्के जादा सिस्टर. तुमच्याकडे सकाळीसुद्धा आठामागे एक, रात्री बारामागे एक. पत्रात हेच आकडे घाला.