आकड्याच्या रकान्यात अक्षर उमटूच द्यायचं नाही, हे पटतं का?

केळीवाला_कोडर (रावेर):
केळीच्या गाड्यांच्या नोंदीचा फॉर्म करतोय. खोडं, वजन क्विंटलमध्ये, भाव. सोबतची मंडळी म्हणतात, कीबोर्डवरच पहारा बसवा. अंक आणि टिंब सोडून काही उमटायलाच नको. माझं मत उलट. लिहू द्या, मग तपासा. भाव 1,850 असा स्वल्पविराम देऊन लिहिणारे असणारच. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट, म्हणजे मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन, स्वल्पविरामाशी थांबतं आणि भाव १ रुपया धरतं! देवनागरीत लिहिलेलं १२ पायथॉनचं तसलंच फंक्शन इंट सरळ बारा समजतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र ‘नॅन’ (हा आकडाच नाही) म्हणून हात वर करतं. यात लिहिणाऱ्याचा काय दोष?

भुसावळ_जंक्शन:
भाऊ, गाडी भरताना उन्हात उभा राहून एका हाताने नोंद करणाऱ्याला चूक तिथल्या तिथे कळायला हवी. गाडी सुटल्यावर लाल मेसेज येऊन काय उपयोग? एचटीएमएलचं टाइप नंबर, म्हणजे ब्राउझरचा फक्त आकड्यांचा रकाना, लावा आणि मोकळे व्हा.

केळीवाला_कोडर:
ते ‘ई’ चालवून घेतं, कारण १ई३ (१ पुढे तीन शून्यं) म्हणजे हजार. स्टेप, म्हणजे आकडा किती-कितीच्या टप्प्यात चालेल ते, दिली नाही तर १८.४ क्विंटल अवैध. भलतंच काही पडलं तर व्हॅल्यू, म्हणजे रकान्यातून कोडला मिळणारा मजकूर, रिकामी येते, आणि तो रिकामा मजकूर नंबरमध्ये घातला की शून्य. झालं, गाडीचं वजन शून्य!

भुसावळ_जंक्शन:
ब्राउझर प्रत्येक रकान्याची वैधता सांगतो ना, त्या व्हॅलिडिटीमधली ‘बॅडइनपुट’ ही खूण तपासा की. रिकामं आणि चुकीचं, दोन्ही वेगळं कळतं.

केळीवाला_कोडर:
कळतं, पण त्याने नेमकं काय लिहिलं होतं ते हाती येत नाही. मग दुरुस्त काय करू?

धुळे_सर्व्हर:
ब्राउझरमधली तपासणी कोणालाही चुकवता येते, सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते. आणि एका गाडीत १८४० क्विंटल? सगळे अंकच आहेत, तुमचा पहारा खुशाल जाऊ देईल.

भुसावळ_जंक्शन:
म्हणजे तुम्हीही अडवणारच, फक्त उशिरा.

अहिराणी_मानूस:
बरोबर सांगस भो. पण एका फॉर्मात गट नंबरलाही टाइप नंबर लावलेलं पाहिलं. आता ११२/२अ कुठं लिहायचं? ज्याची बेरीज करायची नाही, त्याला साधा मजकूरच ठेवा.

केळीवाला_कोडर:
वजनालाही टाइप टेक्स्टच (साधा मजकूर) ठेवतो, वर इनपुटमोड डेसिमल, म्हणजे कोणता कीपॅड दाखवायचा याची सूचना. मोबाईलवर अंकांचा कीपॅड येतो, अडवणूक नाही.

भुसावळ_जंक्शन:
कीपॅड ठीक. पण स्वल्पविराम गुपचूप काढणार, तर १८,५० चं काय? साडेअठरा की अठराशे पन्नास?

केळीवाला_कोडर:
तिथे अंदाज नाही. लिहिलेलं तसंच समोर ठेवून त्यालाच विचारायचं.